दोघींची मजुरी

नेकनूरच्या बाजारात मला आजपस्तोर कुणी फशीवलं न्हाई. मेंढरू घ्यायचं आसू, घोंगडं आसू, न्हाई तर पायातली चप्पल आसू, समोरच्यानं भाव सांगितला की मी निम्म्यावर येते आन् निम्म्याच्या बी खाली घेऊनच उठते. मला लांबून बगितलं तरी येपारी म्हणतेत, "आली साखराबाई, आता धंद्याचं वाटोळं." म्हणू द्या. पैसा काय बाभळीला लागत न्हाई. म्हणून त्या दिवशी सोनारानं एका कडीचे दोन हजार सांगितले तवा मपल्या डोक्यात आशी सनक गेली म्हणून सांगू!

पर कडी कशाची, ते आधी सांगाया पायजे.

सुकन्या मपली एकुलती लेक. जन्मताच एक पाय आखूड, म्हणून लंगडती. कामाला वाघीण हाय, पर पाव्हणे आले की च्या पिऊन पायाकडं बगायचे आन् निरोप धाडतो म्हणून जायचे. निरोप कुणाचा आला न्हाई. मंग बिजवर पत्करला. परमेश्वर त्याचं नाव, आमच्यातलाच, मेंढरंवाला. त्याची पैली बायकू संगीता साप चावून मेली म्हणून सांगितलं. मागं लेकरूबाळ न्हाई, पोरगा निर्व्यसनी. म्हणलं चालतंय, मेलेलीचा काय जाच हाय! गेल्या साली लगीन लावून दिलं.

आता आमच्यात रीत आशी हाय की बिजवराच्या नव्या बायकूनं मेल्या सवतीचा टाक गळ्यात घालायचा. टाक म्हंजी चांदीचा बारका पत्रा, त्याच्यावर बाईची आकृती ठोकलेली. पत्र्याच्या मागं चांदीची पेटी आसती, मधी लाख भरलेली, वर कडी. काळ्या दोऱ्यात ववून गळ्यात बांधायचा. सकाळी आंघूळ झाली की त्याला हळदकुकू लावायचं, जेवताना पैला घास सवतीच्या नावानं ताटाच्या बाहीर ठिवायचा. आसा मान ठिवला की मेलेली जितीच्या संसारात पाय घालत न्हाई. टाक धुवायचा न्हाई, घासायचा न्हाई, मोडायचं तर नावच काढायचं न्हाई. मपला भुताखेतावर इश्वास न्हाई बगा. पर रीत ती रीत.

ह्या टाकाची कडी तुटली. सुकन्येला सातवा लागला व्हता. त्यांचा वाडा तवा माजलगावाकडं व्हता. वाडा म्हंजी आमचा मेंढरांचा तळ, दगडामातीचा न्हवं. ऊस तुटून गेलेल्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखताचं धान्य घ्यायचं, आन् म्होरल्या रानाला जायाचं. तिथं सांजच्याला मेंढरं कोंडताना हिच्या गळ्यातून टाक निसटला आन् लेंड्यात पडला. सासूनं, वत्सलाबाईनं, जी बोंब मारली म्हणता! टाक उचलून फडक्यात बांधला, हिच्या हातात दिला आन् म्हणली, "कडी बसवून आण. तवर वाड्यावर पाय ठिवू नको." आन् दिली एष्टीत बसवून, मपल्याकडं.

मला तर बरंच वाटलं. पैलं बाळंतपण माहेराला आसतंय, ही बी रीतच हाय की. म्या फोन लावला, म्हणलं, "इहीणबाई, आता आलीच हाय तर मोकळी हून जाऊ द्या. नेकनूरचा दवाखाना जवळ हाय, घर हाय." तर ती म्हणली, "मेंढरामागं हात कमी हायेत. कडी बसली की परमेश्वर घ्यायला यील. आमच्या सुना वाड्यावरच मोकळ्या होतेत, तुमची काय राजाची लेक हाय का?" म्या फोन आपटला. पर आपटून करता काय? दिल्या घरची लेक. मला दिसत व्हतं की कडी बसली की पोर जाणार, आन् वाडा आसा रानोमाळ, येळ आली तर ना दाई ना डाक्टर. रातच्याला मला झ्वाप लागंना.

पोर बी आशी उतरलेली! गाल आत गेलेले, डोळे मोठे झालेले. ताट वाढलं तर तिनं एक घास काढून बाहीर ठिवला. मंग आजून एक काढला, पैल्याच्या शेजारी.

"दोन कावून गं?" म्या इचारलं.

"म्हाईत न्हाई, माय. एक काढला की हात थांबत न्हाई. एकावर जेवाया बसले तर घास गळ्याखाली उतरत न्हाई."

"सासूनं सांगितलं का?"

"न्हाई. ती तर बगितलं की वरडती. म्हणती दुसरा काढू नको, दुसरा काढू नको." मंग म्हणली, "आन् निजले की कुणीतरी म्हणतंय, सरक जरा. मी सरकते. मंग दुसऱ्या आंगानं बी म्हणतंय, सरक. मला तेवढ्याशा जागंत आंग चोरून निजावं लागतंय, माय."

"पोट मोठं झालं की आसंच आसतंय," मी खेकसले. "खा गुमान." भेले व्हते म्हणून खेकसले, दुसरं काय न्हाई.

बाजाराच्या दिवशी दोघी नेकनूरला गेलो. सोनारगल्लीत डहाळ्याचं दुकान जुनं. मपल्या लग्नातले जोडवे बी तिथलेच. डहाळे म्हाताराय, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा. फडकं सोडून म्या टाक त्याच्या म्होरं ठिवला. हळदीकुकवाचा थर चढून चढून त्याचा पार लाल गोळा झाला व्हता, बाईचं तोंड सुदीक दिसत न्हवतं.

"दादा, तेवढा कडीला डाग द्या. बस धरायचीय."

त्यानं टाक तळहातावर घेऊन वर-खाली केला. चिमट्यानं कडंला टिचकी मारली, कानाशी धरला, आजून एक टिचकी मारली. मंग चष्म्यावरून सुकन्येकडं बगितलं. पोटाकडं बगितलं. आन् टाक खाली ठिवला.

"दोन हजार हुतील."

"किती?"

"दोन हजार."

आता मला सांगा, कडीला डाग द्यायचे लोक शंभर घेतेत, लईच झालं तर दोनशे. म्या म्हणलं, "दादा, कडी बसवायचीय, दुकान इकत न्हाई घ्यायचं."

"कळलं मला, मावशी."

"चांदी वाढली म्हणून आमची बी चामडी सोलता का? चांदी तर आमचीच हाय! तुमचा फक्त डाग."

"चांदीचे न्हाई सांगितले. मजुरी सांगितली."

"एका डागाची?"

"काम दोनाचं हाय," तो म्हणला.

"दोनाचं? कडी एक, टाक एक, मेली ती बाई एक. तुमी दोन कुठून आणले? चष्म्यातून दोन दिसायलेत व्हय?"

बाजूची गिऱ्हाइकं हसली. डहाळे काय हसला न्हाई. म्हणला, "आच लावली की आतलं सुटंल. आधी ते काढावं लागंल, मंग कडी, मंग परत बसवायचं. वाजवी सांगितलं म्या. उलीसं बी जादा न्हाई. जास्तीचं घरी इचारा."

"कुणाला इचारू?"

"हिच्या सासरी."

दोनशे म्हणलं, तीनशे म्हणलं, उठून चार पावलं गेले, वळून बगितलं. भाव करताना हे समदं करावं लागतंय. सोनार हाक मारंना. आसा येपारी म्या उभ्या जन्मात बगितला न्हाई. भाव बी सोडंना आन् गिऱ्हाइक बी धरंना. मला वाटलं, पोटुशी पोर बगितली, आडलेली बाई बगितली, आन् घातली सुरी मानंवर. जळो तुझं दुकान!

ष्टँडापाशी दुसरं दुकान हाय, नवं, काचंचं. बसलेला सोनार तरणाच व्हता, गोड बोलला, बसा मावशी म्हणला, पंखा लावला. म्या मनात म्हणलं, हितं दोनशेत काम हुतंय. त्यानं टाक हातात घेतला, तसाच टिचकी मारून कानाशी धरला, आन् त्याचा चेहरा उतरला.

"डहाळेकाकांनी किती सांगितले?" त्यानं इचारलं. म्या त्याचं नाव बी काढलं न्हवतं.

"दोन हजार. बग बाबा, हाय का न्याय?"

"कमी सांगितले." त्यानं टाक हळूच मपल्याकडं सारला. मंग हात रुमालाला पुसले. "मी तर हातच लावत न्हाई, मावशी. चार दिले तरी न्हाई. त्यांच्याकडंच जा."

पंखा बंद केला त्यानं. आमी बाहीर आलो तरी मपला राग तसाच व्हता. दोघं बी एकाच माळेचे मणी, ठरवून बसलेले चोर, आसं बडबडत मी रस्त्यात उभी राहिले. सुकन्या म्हणली, "माय, चल परत. उघडू दे त्याला."

"दोन हजार देऊ?"

"उघडू दे. मला बगायचंय."

गेलो परत. मी डहाळ्याच्या म्होरं मांडी घालून बसले. "हे बगा दादा. तुमी म्हणता काम दोनाचं. मपल्या देखत उघडा. दोनाचं निघालं तर दोन हजार मोजते, एक रुपाया कमी करीत न्हाई. न्हाई निघालं तर कडी फुकट. बोला, हाय का छाती?"

म्हाताऱ्यानं निस्ती मान हलवली. देवाच्या तसबिरीला हात लावला, गिऱ्हाइकांना उद्या या म्हणला. मंग मला म्हणला, "पोटुशीला बाहीर बसवा."

"मी हितंच बसणार," सुकन्या म्हणली.

त्यानं बारीक आच धरली. टाक तापला तशी कुकू जळाल्याचा वास सुटला, मंग लाखंचा. चिमट्याच्या टोकानं त्यानं कडंकडंनं उचकटलं आन् वरचा पत्रा टरफलावाणी सुटून आला. खाली काळी लाख. लाख मऊ करून खरवडली. आन् लाखंच्या खाली पुन्हा पत्रा. त्या पत्र्यावर बाई.

जुनी व्हती ती. नाक-डोळे झिजलेले, पर हळदीकुकवाखाली न्हवती म्हणून दिसत व्हती. आंगावर लुगडं. आन् काखंला लेकरू.

म्या म्हणलं, "ही कोण?"

"म्हाईत न्हाई. पर बाळंतपणात गेलेली हाय. तसली बाई आमी काखंला लेकरू देऊनच काढतो."

"आन् वरची? ती साप चावून गेली."

डहाळ्यानं वरचा पत्रा चिंचंच्या पाण्यात टाकला. टाक धुवू नये ही रीत मला म्हाईत व्हती, पर त्या टायमाला मपल्या तोंडून नको हा शब्द निघाला न्हाई. पाणी लाल झालं. त्यानं पत्रा काढून फडक्यानं टिपला आन् आमच्या म्होरं ठिवला. ती बी उभी. लुगडं नेसलेली. तिच्या बी काखंला लेकरू.

सुकन्या दोघींकडं बगत राहिली. एक हात पोटावर व्हता. "म्हणून," ती हळूच म्हणली. तेवढंच म्हणली. मला मातर तिच्या ताटाच्या बाहीर ठिवलेले ते दोन घास दिसले. एक संगीता. आन् ही दुसरी, जिचं नाव आमाला कुणी सांगितलं न्हाई, जी व्हती हेच सांगितलं न्हाई. दोघी बी वाड्यावर, दोघी बी बाळंतपणात. आन् मपली लेक सातव्यात!

रिकामी पेटी तशीच पडली व्हती. म्या ती उचलली. दोन पत्रे निघाले तरी आत बोटाचं कांडं बुडंल येवढी खोल व्हती.

"दादा, दोन पत्र्याला येवढी खोल पेटी कावून?"

तो चिमटा पुसत बसला. म्या पुन्हा इचारलं.

"मागून जोड देऊन खोल केलीय. म्या न्हाई केली, दुसऱ्या कुणाचं तरी काम हाय. पर सोनार मनानं काय करीत न्हाई, मावशी. गिऱ्हाइक सांगंल तेच करतो."

"म्हंजी?"

"आजून एक बसतो हिच्यात."

मपल्या हातातून पेटी पडली. सुकन्येनं उचलाया हात घातला तर म्या तिच्या हातावर चापट मारली, लहानपणी इस्तवाला हात लावाया गेली की मारायचे तशी. "हात लावू नको!" मी वरडले. "दादा, ह्या दोघींना येगयेगळ्या कड्या लावा. आन् ही पेटी हितंच ठोका, मपल्या म्होरं."

"मोडीत धरून वजा करतो की."

"वजा करू नका. ठोका."

त्यानं ऐरणीवर ठिवून हातोडा घातला. सपाट हुईपस्तोर मी बगत बसले. मंग चोळीतून बटवा काढला आन् दोन हजार मोजून दिले. उभ्या जन्मात मी पैल्यांदा सांगितल्या भावाला घेतलं. वाजवी व्हतं ते. दोघींचं काम, दोघींची मजुरी.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तवा मायलेक आले. परमेश्वर मोटरसायकलपाशीच उभा राहिला, वत्सलाबाई आंगणात आली. "बसली का कडी?" म्हणत तिनं सुकन्येच्या गळ्याकडं बगितलं. काळ्या दोऱ्यात दोघी शेजारी-शेजारी, लखलखीत. बाई तिथंच मट्कन खाली बसली.

"कुणी उघडाया सांगितलं?" तिनं इचारलं.

"म्या सांगितलं!" मंग मी काय सोडती का? "एक मेली म्हणून सांगितलीस आन् दोन निघाल्या! साप चावला म्हणलीस, सापानं काखंला लेकरू दिलं व्हय गं? मपल्या पोरीचा पाय आखूड हाय, जीव आखूड न्हवता!"

तिला राग यावा ना? आला न्हाई. पदरानं तोंड पुसून म्हणली, "पैलीचं लगीन तिकडंच लागलं, नदीपल्याड. वरसाच्या आत तिकडंच मेली, गावानं तिला बगितली बी न्हाई. संगीता आली ती पैलीचा टाक घालायची. मंग ती बी गेली. मला सांग, पैलीचा मोडता येत न्हाई. काढून ठिवता येत न्हाई, ती कोपती. आन् हिच्या गळ्यात दोन दिसले आसते तर तू पोरगी दिली आसतीस?"

"न्हाई दिली आसती."

"मंग? म्हणून एकीखाली एक बसवली."

"मेलेल्या बायांना भेलीस, बये. जितीला मातर न्हाई भेलीस. आन् पेटी खोल कावून केलीस ते सांग."

मी तिच्या म्होरं जाऊन बसले. "सांग. कुणासाठी जागा ठिवलीस?"

"आपण रानोमाळ फिरणारी माणसं," ती म्हणली. चिडून न्हवं, आगदी सरळ, मीठ कुठं ठिवलंय ते सांगावं तसं. "ऐन येळंला वाडा कुठं आसतोय काय म्हाईत. तिथं सोनार कुठं हुडकायचा? एकदा खोल करून ठिवली की पत्रा आणून बसवता येतंय."

मला तिला मारावं वाटलं. खरं सांगते, हात उचलला व्हता म्या. पर तिच्या तोंडाकडं बगितलं आन् हात खाली आला. ती बाई खोटं बोलत न्हवती. तिनं मपल्या पोरीच्या मरणाची तयारी केली व्हती, पावसाळ्याआधी चार लाकडं घरात घ्यावीत तशी, आन् तिला त्यात काय वंगाळ दिसतच न्हवतं. परमेश्वर तिकडं मोटरसायकलच्या सीटवरची धूळ पुसत व्हता.

सुकन्या दारातून पुढं आली. लंगडत आली आन् सासूच्या म्होरं उभी राहिली. तिनं दोघींतला जुना टाक बोटात धरला.

"वरची व्हती ती संगीता," ती म्हणली. "हिचं नाव काय?"

वत्सलाबाईनं टाकाकडं बगितलं. "तिला आमी नवी म्हणायचो."

"तिचं नाव, आत्याबाई."

"नवीच म्हणायचो की. लगीन झाल्यावर नाव बदललं व्हतं... काय ठिवलं व्हतं रं परमेश्वरा?" पोरानं मान वर केली न्हाई. ओठ हलले त्याचे, पर नाव काय आलं न्हाई.

"आन् संगीताला?"

"ती आली तवा ती नवी झाली. घरात नव्या बायकूला नवीच म्हणतेत, त्यात काय एवढं."

सुकन्येनं टाक सोडला. दोघी एकमेकीवर वाजल्या. "मला बी नवीच म्हणता," ती म्हणली. "वाड्यावर एका बी माणसानं मला नावानं हाक मारली न्हाई. मपलं नाव सांगा, आत्याबाई."

वत्सलाबाईनं तोंड उघडलं. तिच्या डोळ्यात मला दिसलं बगा, ती हुडकत व्हती. आत कुठंतरी हात घालून हुडकत व्हती आन् हाताला लागत न्हवतं. मपल्या लेकीचं नाव! मंग ती गुडघ्यावर हात टेकून उठली आन् सवयीनं म्हणली, "चल नवे, हट्ट करू नको. मेंढरं उपाशी हायेत."

"मी येत न्हाई," सुकन्या म्हणली.

"येत न्हाई म्हंजी?"

"मोकळी हुईपस्तोर हितंच राहणार. पुढचं पुढं बगू."

"मंग टाक दे. ते आमच्या घरचे हायेत."

सुकन्येनं दोघींवर पालथा हात ठिवला. "ह्यांचं बी पैलं बाळंतपण माहेराला व्हायाचं व्हतं. कुणी धाडलं न्हाई. आता आल्यात तर राहू द्या."

वत्सलाबाई त्या हाताकडं आशी बगाया लागली की मला वाटलं आता वरडंल. ती वरडली न्हाई. दोन पावलं मागं सरली, मंग चार, आन् पदर तोंडाला लावून वळली. परमेश्वरानं एकदा सुकन्येकडं बगितलं. काय तरी बोलावं आसं त्याच्या मनात आलं आसंल. मोटरसायकल चालू केली आन् आईला मागं बसवून गेला. धूळ खाली बसंपस्तोर पोर तशीच उन्हात उभी.

"सुकन्या!" म्या हाक मारली, पार वस्तीला ऐकू जाईल आशी. "सुकन्या, आत ये. ऊन लागंल."

ती आली. उंबरा वलांडून आत आली, भिंतीला टेकून बसली. म्या तिच्यामागं दार लोटाया हात घातला.

"थांब माय," ती म्हणली. "आजून लावू नको. त्या यायल्यात."

बाहीर आंगणात कुणी न्हवतं. मी दार धरून बाजूला उभी राहिले.